इंगोले मॅडम आणि नववी ओळ

मी पत्रकं लिहिते. पत्रकाला एक मोठा मथळा लागतो आणि एक ठाम वाक्य. त्यात ‘कदाचित’ घातलं की लोक त्याच कागदावर समोसा ठेवून खातात. चंदीगडच्या बाजारांत चार वर्षं उन्हात उभं राहून मी एवढं शिकले. आणि या चार वर्षांत माझं एकही पत्रक धड छापखान्यात जाऊ न देणारी बाई म्हणजे इंगोले मॅडम.

पहिली भेट सेक्टर बावीसच्या बाजारात झाली. आमच्या आरोग्य-जागृती गटानं टेबल मांडलं होतं आणि पत्रकाचा मथळा होता, ‘डाएट पेय : हृदयासाठी रोजचं विष’. हिंदीत आणि पंजाबीत. बुटक्या, रुंद बांध्याच्या एक बाई आल्या. सुती साडी, पायात खेळाचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पत्रक घेतलं आणि तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. असं कुणी करत नाही. मग माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

“मराठी का? बरं झालं. रागवायला मराठी बरी पडते. विष म्हणजे काय असते, माहीत आहे का तुले?”

“मॅडम, यावर अभ्यास झालेत.”

“उंदीर खाते अन् मरते, ते विष. डबा फोडला, प्यायला अन् पडला, असा कोणी पाह्यला का तू? नाई ना? मग अभ्यासात जे लिहिलं ते लिही. तुह्या मनातलं नको लिहू.”

आणि त्यांनी पिशवीतून हिरवं बॉलपेन काढून ‘विष’ या शब्दावर काट मारली. एका प्रतीवर नाही. टेबलावरच्या गठ्ठ्यातल्या हाताला लागतील तेवढ्या प्रतींवर, एकेक करून. मी बघत राहिले. त्या माझ्याच स्टुलावर बसल्या होत्या.

मागून कळलं की त्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं आहारतज्ज्ञ होत्या, मूळच्या अकोल्याच्या, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेल्या. आमच्या टेबलावर त्या दर शनिवारी यायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, नाश्ते राहत. “ते तीन परांठेवाले आले होते का?” असं त्या विचारायच्या, आणि ते कोण हे आम्ही ओळखायचो. कुणाच्याही घरी गेल्या की बूट काढायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडायच्या. परवानगी वगैरे भानगड नाही. “चेहऱ्यावरून काय कळते? लोक चेहरा धुऊन येतात. फ्रिज कोणी धूत नाई,” असं म्हणायच्या. पेशंटबद्दल त्यांचं एक ठरलेलं मत होतं: पेशंट खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. आणि डॉक्टर? “डॉक्टर पूर्ण बोलतो, पण अर्ध्या मिनिटात.”

दुकानात गेल्या की डब्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पुढे ‘झिरो’ तळहाताएवढा, आणि लहान मुलांना देऊ नये ही ओळ मागे, मुंगीच्या पायाएवढी. यावर माझं डोकं तापायचं. मी म्हणायचे, मॅडम, हेच तर मी ओरडून सांगतेय. त्या म्हणायच्या, “ओरड. पण खरं ओरड.”

खरं काय, हे त्यांनी मला त्या टेबलाशी बसून समजावलं होतं. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तर रोज डाएट पेय पिणाऱ्यांत हृदयाचे आजार आणि पक्षाघात थोडे जास्त दिसतात. हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. पण डाएट पेय पितो कोण? ज्याला शुगर आहे, ज्याचं वजन वाढलंय, ज्याला डॉक्टरनं आधीच घाबरवलंय तो. म्हणजे आजारी माणूसच ते पितो. मग दोष पेयाचा की आजाराचा?

“पावसात छत्रीवालेच रस्त्यावर दिसतात,” त्या म्हणाल्या. “म्हणून छत्रीनं पाऊस पडते, असं छापशील का?”

“मग काय छापू?”

“शक्यता आहे, असं छाप. पक्कं माहीत नाई, असं छाप. रोज पिऊ नका, असं छाप. अन् साखरवाली तर त्याहून वाईट, तेही छाप, नाईतर लोक डाएट सोडून पुन्हा तिकडे वळतील.”

“एवढं सगळं कोण वाचणार?”

“मी वाचलं ना उभ्यानं?”

हे सगळं त्यांना इतकं का लागलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांनी स्वतःच एक पत्रक लिहिलं होतं. माझ्यापेक्षा खूप आधी, आणि माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त चाललेलं.

हॉस्पिटलात त्या शुगरच्या पेशंटला एका पानाचा तक्ता द्यायच्या. हिंदीत, स्वतःच्या अक्षरात, आठ ओळी. एके दिवशी जवळच्या खरड गावचे एक सरदारजी आले. दूध, भात, लोणी, मिठाई, सगळं सोडायला तयार. कोल्ड्रिंक म्हटल्यावर मात्र त्यांचे डोळे भरून आले. स्वतःसाठी नाही. म्हणाले, “मॅडमजी, मेहमान आएगा तो उसके साथ बैठ के मैं क्या पियूँगा? पानी? वो समझेगा, मुझे उसका आना अच्छा नहीं लगा.” पंजाबात पाहुण्याला नुसतं पाणी देणं म्हणजे त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवणं, आणि यजमानानं सोबत न पिणं म्हणजे त्याच्याही पुढचं. मॅडमना ते एकदम पटलं. नव्यानं आलेलं डाएट पेय तेव्हा सगळेच सुचवत होते. त्यांनी तक्त्याच्या खाली हातानं एक ओळ वाढवली: ‘कोल्ड ड्रिंक बंद. डाइट वाली जितनी चाहें.’

सरदारजींनी मॅडमचे हात कपाळाला लावले. मॅडमना इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवसापासून ती ओळ सगळ्यांच्याच तक्त्यावर आली. तीच नववी ओळ. पुढे तो तक्ता हॉस्पिटलच्या बाहेर पडला. केमिस्टनं झेरॉक्स काढली, जिमवाल्यानं काढली, एका मिठाईवाल्यानंसुद्धा काउंटरवर लावला. मोहालीपासून पिंजौरपर्यंत फ्रिजच्या दारांवर इंगोले मॅडमचं अक्षर.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. त्या वाचत गेल्या आणि त्यांची झोप उडाली. पेय वाईट आहे हे सिद्ध झालं म्हणून नाही. “मले माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या, “अन् माहीत नसताना मी ‘जितनी चाहें’ लिहिलं. एक ग्लास लिहिलं असतं, कधीतरी लिहिलं असतं. जितनी चाहें! कोणी सांगितलं होतं मले?”

पेशंटना घरी फोन करून चौकशी करायची त्यांची जुनी सवय. त्यासाठी ठेवलेल्या तीन डायऱ्यांत पत्ते होते. त्यांनी ठरवलं, जमेल तेवढ्या घरी जायचं आणि ती ओळ आपल्या हातानं खोडायची. फोनवर सांगून भागत नव्हतं. फोनवर लोक “जी मॅडमजी” म्हणत आणि तक्ता तिथेच राही.

त्यांच्याबरोबर मी पाच-सहा घरी गेले असेन. मोहालीच्या एअरोसिटीतला एक प्रसंग सांगते. बेल वाजवली. मॅडमना पाहून त्या घरात दिवाळी. आजोबा उठून उभे राहिले, सून धावत आत गेली आणि ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दोन उंच ग्लास, बर्फ, आणि काठोकाठ डाएट.

“आपके लिए स्पेशल, मॅडमजी. हमारे घर में अब यही आती है. आपने ही बोला था.”

मॅडम ग्लासाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पानी मिलेगा?”

सुनेचा चेहरा उतरला. आजोबा म्हणाले, “हमसे कोई गलती हो गई?” मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. शक्यता, पक्कं नाही, छत्री, सगळं. आजोबांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी अगदी प्रेमानं विचारलं, “तो इसकी जगह कौन सी पियें?”

“पानी.”

“पानी तो ठीक है जी. पर पियें क्या?”

मला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फ्रिजवरच्या तक्त्यावर हिरव्या पेनानं ओळ खोडली, सही केली आणि बूट घातले. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, “पाह्यलं का? इतका विश्वास आहे लोकांचा. ठेवू कुठं मी हा?”

या सगळ्या घरांचे नकाशे मॅडमचे यजमान, इंगोले काका काढून देत. काका नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. शिसपेन टोक करून ते पत्त्याचा नकाशा काढायचे, त्यात वडाचं झाड, ट्रान्सफॉर्मर, भुंकणारं कुत्रं, सगळं. मॅडम त्यावर विसंबून कुठल्याही गल्लीत शिरायच्या.

आणि हेच काका रोज अकरा वाजता एक आणि पाच वाजता एक, असे डाएटचे दोन डबे गॅलरीत बसून प्यायचे. तीस वर्षं सिगारेट, वीस वर्षं शुगर. पूर्वी साखरेची कोल्ड्रिंकं बाटलीनं प्यायचे. मॅडमनीच त्यांना डाएटवर आणलं होतं. मॅडमच्या घरातल्या फ्रिजवरही तो तक्ता होता, नवव्या ओळीसकट, न खोडलेला. चंदीगडभर हिरवं पेन घेऊन फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात ते चालवता येत नव्हतं.

“हे माझं लायसन आहे,” काका म्हणायचे. “तुह्याच अक्षरात आहे. जितनी चाहें.”

“ते चुकलं माझं.”

“सिद्ध झालं का?”

“नाई.”

“मग सिद्ध झालं की सांग. तोवर आण तो डबा इकडे.”

काकांच्या नाडीचे ठोके चुकतात हे तपासणीत निघालं, त्या दिवसापासून मॅडमचा सूर बदलला. आधी त्या समजावायच्या, आता विनवायला लागल्या. डबे लपवले. काकांनी खालच्या दुकानातून आणले. त्यांनी दुकानदाराला दम दिला. काका पुढच्या सेक्टरात गेले, फिरायला जातो सांगून. एकदा माझ्यासमोर मॅडमनी डबा सिंकमध्ये ओतला. काका कागद पुढे ओढून दुसऱ्या दिवसाच्या खरडच्या घराचा नकाशा काढत बसले. तो नकाशा नेहमीपेक्षा चांगला होता.

मार्चमध्ये एका सकाळी दाढी करताना काकांच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. पक्षाघात. उजवा हात गेला, बोलणं गेलं. जीव राहिला.

त्यानंतरच्या मॅडम मी पाहिल्या आणि मला त्या बघवत नव्हत्या. ज्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं लोक त्यांना वाट करून देत, तिथल्या कॉरिडॉरमध्ये त्या प्रत्येक डॉक्टरला अडवायच्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनासुद्धा. एकच प्रश्न. “त्या डब्यांनी झालं का?”

“मॅडम, शुगर होती. बीपी होतं. सिगारेट होती. ठोके अनियमित होते.”

“ते मले माहीत आहे. डब्यांनी झालं का?”

“सांगता येणार नाही.”

“नाई झालं, असं सांगता येईल का?”

“तेही नाही सांगता येणार, मॅडम.”

त्या मान हलवायच्या आणि पुढच्या दाराशी जाऊन तोच प्रश्न विचारायच्या. मी एकदा चिडून म्हणाले, “मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, छत्री?” त्या माझ्याकडे वळल्या. “छत्रीच गळत असली तं?” एवढंच म्हणाल्या.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. काकांच्या आजारपणात त्यांच्या घरी मदतीला जायचे, तेव्हा मी दोन फोटो काढले. एक खाटेवरच्या, तोंड वाकडं झालेल्या काकांचा. एक फ्रिजवरच्या तक्त्याचा, नववी ओळ स्पष्ट. दोन्ही शेजारी लावले आणि वर मथळा दिला: ‘हॉस्पिटलनं सांगितलं, जितकं हवं तितकं प्या. हे प्यायले.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जोरदार पत्रक. गटातले सगळे म्हणाले, हे चालणार. खरंच चाललं असतं. कंपन्या डब्यांवर हृदयाची चित्रं काढून कोट्यवधी लोकांना फसवतात, तर आम्ही एक खरा फोटो लावला तर काय बिघडलं, असं मला वाटलं. आजही अर्धं वाटतं.

छपाईआधीची प्रत घेऊन मी मॅडमकडे गेले. त्या काकांना चमच्यानं पेज भरवत होत्या. त्यांनी पत्रक वाचलं. मला वाटलं, हिरवं पेन निघेल. नाही निघालं. त्यांनी ते काकांच्या डोळ्यांसमोर धरलं.

“वाचा. तुम्हाले छापून राहिली ही.”

काकांनी वाचलं. डाव्या हातानं कागद धरायचा प्रयत्न केला, तो सुटला. घशातून एक आवाज काढला. तो राग होता की हसू, मला कळलं नाही.

“मले लई मोह होते, पोरी,” मॅडम म्हणाल्या. “तू हे छापावं असा. छापलं की मले उत्तर भेटलं. डब्यांनी केलं, म्हणजे मी केलं. एकदाचं झालं. निदान रडता तरी येईल.” त्यांनी चमचा वाटीत ठेवला. “पण हे खरं आहे का, हे मले माहीत नाई. मागच्या खेपेस माहीत नसताना लिहिलं, ते आता दारोदार जाऊन खोडून राहिली. पुन्हा तेच करू का?”

“मग लोकांना सांगायचंच नाही का?” माझा आवाज चढला होता. “तुम्ही ‘शक्यता, शक्यता’ करत बसा. तोवर ते विकत राहणार.”

“सांग ना. मी नाई कुठं म्हणते? पण माणूस पुरावा नसते वं. माणूस माणूस असते.”

मी दार आपटून निघाले. पत्रक मात्र छापलं नाही.

मेमध्ये त्यांचाच फोन आला. डायरीतलं पिंजौरचं एक घर राहिलं होतं. काकांपाशी तीन तास नर्स बसणार होती, आणि नकाशा नसल्यानं त्यांना एकटीनं जायचा धीर होईना. आम्ही काल्क्याच्या बसनं गेलो. पत्ता शोधायला आम्हाला तासभर लागला.

घर फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, विमलाजींनी. मॅडमना त्यांनी लगेच ओळखलं आणि त्यांच्या पायांना हात लावायला वाकल्या. मॅडमनी बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि थांबल्या. भिंतीवर फोटोला हार होता.

“पिछले साल,” विमलाजी म्हणाल्या. “दिल का दौरा. आप बैठिए.” मग अभिमानानं फ्रिजकडे बोट केलं. तक्ता तिथेच होता, प्लास्टिकच्या कव्हरात. “आपका लिखा एक-एक माना उन्होंने. मीठा छुआ नहीं. बस वो डाइट वाली पीते थे, सुबह-दोपहर-शाम. आख़िरी दिन भी पी थी.”

मॅडम परत फिरू शकल्या असत्या. खोडायला आता तिथं कुणासाठी काही उरलं नव्हतं. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि उभ्यानंच सांगितलं: ती ओळ लिहिताना मला पूर्ण माहिती नव्हती. रोज पिणाऱ्यांच्या हृदयाला त्रास होण्याची शक्यता दिसते. पक्कं कुणालाच माहीत नाही.

विमलाजींनी सगळं ऐकलं. पदर नीट केला.

“तो ये इसी से गए?”

“पता नहीं जी. हो सकता है. नहीं भी हो सकता.”

“फिर लिखा क्यों था?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. जाहिराती, कंपन्या, तेव्हा सगळेच डॉक्टर सुचवत होते, सरकार झोपलं होतं. मी तोंड उघडलं. “गप,” मॅडम मराठीत म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. मग विमलाजींना म्हणाल्या, “किसी ने माँगा था. देना अच्छा लगा. पूछा नहीं किसी से. गलती मेरी है.”

विमलाजी फ्रिजपाशी गेल्या आणि तक्त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, जणू आम्ही तो हिसकावून नेणार होतो. “आप जाइए,” म्हणाल्या. आम्ही बाहेर आलो. मागे कडी लागली.

अंगणात रणरणतं ऊन होतं. मी म्हणाले, “चला मॅडम, बस आहे.” त्या पायरीवर बसल्या. बूट हातातच होते.

“तू हो पुढे.”

“इथं बसून काय होणार? त्यांनी जा म्हणून सांगितलंय.”

“त्यांचं बोलून व्हायचं आहे अजून. मी निघून गेली तं कोणाले बोलतील?”

“आणि काका?”

“चारपर्यंत पोचते मी. जा तू.”

पुढच्या आठवड्यात मॅडम काकांना घेऊन अकोल्याला भावाकडे गेल्या. मला निरोप आला तो शेजाऱ्यांकडून. फोन आता लागत नाही. म्हणजे पिंजौरचं ते अंगण हेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

त्या दुपारी मी फाटकापर्यंत गेले आणि रेंगाळले. मॅडम भिंतीला टेकल्या नव्हत्या, ताठ बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. दहा मिनिटं गेली असतील. दार उघडलं नाही, पण आतून, अगदी दाराला लागून आवाज आला.

“आप अभी तक बैठी हो?”

“हाँ जी,” मॅडम म्हणाल्या.